शिवण धरेपर्यंत

माझी कावीळ पहिल्यांदा ओळखली ती एका गिऱ्हाइकानं. मी सदाशिव पेठेत ब्लाऊज शिवते, एकतीस वर्षं झाली. जूनच्या सुरुवातीला ट्रायलला आलेल्या बाई आरशात स्वतःकडे बघायच्या सोडून माझ्याकडेच बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मावशी, तुमचे डोळे हळद लावल्यासारखे झालेत हो." मी ट्यूबलाईटवर ढकललं. तळहात-तळपायांना पंधरा दिवस खाज सुटत होती, रात्री तर जीव नकोसा व्हायचा, ती मी नव्या अस्तराच्या खळीवर ढकलली होती. लघवी कोऱ्या चहासारखी आणि शौच शाडूच्या मातीसारखं पांढुरकं, हेही दिसत होतं. पण अशा गोष्टी आपण बघतो, बोलत नाही.

पोट मात्र तसूभरही दुखत नव्हतं. तिथेच फसगत झाली. कावीळ म्हटल्यावर नात्यातल्या एकांनी गावाकडचं काविळीचं औषध आणून दिलं. नाकात थेंब, दहा दिवस ताकभात, तेल बंद. दहा दिवसांनी मी आणखी पिवळी. मग आमचे फॅमिली डॉक्टर मला काहीच बोलले नाहीत, ह्यांच्याकडे बघून म्हणाले, "आजच्या आज सोनोग्राफी." बिलिरुबिन, म्हणजे रक्तातलं काविळीचं पिवळं द्रव्य, 14 निघालं. पित्ताची नळी फुगलेली, पण खडा कुठेच नाही.

पुढचा आठवडा तपासण्यांचा. सीटी स्कॅन, मग तोंडातून दुर्बीण, मग तुकडा तपासायला. पालख्या पुण्यात आल्या त्याच दिवशी माझी ईआरसीपी होती, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून पित्ताच्या नळीपर्यंत पोचायचं. लक्ष्मी रस्ता बंद, टिळक रस्त्यावर माणूसच माणूस, आणि रिक्षावाला आम्हाला कुठकुठल्या बोळांतून फिरवून घेऊन गेला ते त्याचं त्यालाच माहीत. तुंबलेल्या नळीत एक बारीक प्लास्टिकची नळी, स्टेंट, बसवली. चार दिवसांत खाज थांबली. त्या रात्री मी महिन्यात पहिल्यांदा सलग झोपले आणि सकाळी घरच्यांना म्हणाले, "झालं की बरं. आता कशाला पुढचं?"

पुढचं होतं, कारण तुकड्यात कॅन्सर निघाला होता.

पित्ताची नळी आणि स्वादुपिंडाची नळी एकत्र येऊन लहान आतड्याच्या सुरुवातीला एका छोट्याशा बोंडातून उघडतात. त्या बोंडाला अँप्युला म्हणतात. गाठ तिथं होती, सव्वा सेंटिमीटरची. शर्टाचं बटण असतं तेवढी. सर्जन म्हणाले की जागा अशी आहे म्हणून कावीळ लवकर झाली आणि तुम्ही लवकर आलात. हीच गाठ स्वादुपिंडात आत असती तर कळायला फार उशीर झाला असता. नशीब कुठल्या कपड्यात येईल सांगता येत नाही.

मी विचारलं, "बटणाएवढी गाठ, मग फक्त तेवढीच का नाही काढत?"

त्यांनी प्रिस्क्रिप्शनचा कागद उलटा केला आणि चित्र काढायला घेतलं. स्वादुपिंडाचं डोकं आणि त्याला मिठी मारून बसलेला लहान आतड्याचा पहिला भाग, ड्युओडेनम, या दोघांना रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या एकच आहेत. एक काढलं की दुसऱ्याचं रक्त तुटतं. म्हणून दोन्ही जाणार. पित्ताची नळी त्यातूनच जाते म्हणून तिचा खालचा भाग आणि पित्ताशय जाणार. जठराचा शेवटचा तुकडाही जाणार. काही जण तो आणि त्याची झडप राखतात, पण माझ्या बाबतीत त्यांना काढणं बरं वाटत होतं. शिवाय आजूबाजूच्या लिम्फच्या गाठी, म्हणजे शरीरात मुळात असतातच त्या लसिकाग्रंथी. ऑपरेशनचं नाव व्हिपल.

एवढं काढून झाल्यावर कागदावर तीन टोकं लोंबकळत राहिली. स्वादुपिंडाचं कापलेलं टोक, पित्ताच्या नळीचं टोक आणि जठराचं टोक. मी तीस वर्षं कापून ठेवलेले तुकडे बघितलेत. कापलेलं बघून मला भीती वाटत नाही, पण ते जोडणार कसं हे कळल्याशिवाय चैनही पडत नाही. मी म्हटलं, "आता हे कशाला जोडणार?"

चित्रात खाली रेखाटलेलं उरलेलं लहान आतडं ते वर ओढून आणणार होते. आधी त्याच्या टोकापाशी स्वादुपिंड जोडायचं, तिथून काही बोटं पुढे पित्ताची नळी, आणि आणखी बरंच पुढे, हातभर अंतरावर, जठर. क्रम असा का, तेही त्यांनी सांगितलं. वरून आधी स्वादुरस आणि पित्त येतं, अन्न खाली येऊन त्यांना भेटतं. अन्न थेट नाजूक जोडांवरून जायला नको.

पित्ताचा जोड आणि जठराचा जोड सहसा त्रास देत नाहीत, स्वादुपिंडाचा देतो. त्याला दोन-तीन तऱ्हा आहेत. एक म्हणजे स्वादुपिंडातली ती दोन-तीन मिलिमीटरची नळी आतड्याला बारीक भोक पाडून त्याच्या आतल्या अस्तराशी टाक्या-टाक्यानं जोडायची आणि मग बाहेरून दुसरी शिवण घालायची. दुसरी म्हणजे स्वादुपिंडाचं अख्खं टोकच आतड्याच्या पोकळीत सरकवायचं आणि काठानं टाके घालायचे. काही जण आतड्याऐवजी जठराच्या मागच्या भिंतीला जोडतात. मला लगेच बाही दिसली. पहिली म्हणजे मुंढ्याला मुंढा जुळवून बसवलेली बाही, दुसरी म्हणजे आत सरकवून वरून टीप मारलेली. मी विचारलं की चांगली कुठली. ते हसले. "काकू, यावर आमच्यात अजून भांडणं आहेत. ज्याचा हात ज्यात बसलाय त्यानं ती करावी." हे उत्तर मला पटलं. माझ्याकडे शिकायला आलेल्या मुलींना मी हेच सांगते.

"आणि धागा कुठला वापरता?"

पेन थांबलं. मला वाटतं हे त्यांना कुणी विचारलं नसावं. मग म्हणाले, आतल्या जोडाला पाच-शून्य नंबरचा, शरीरात विरघळणारा. किती जाड? मिलिमीटरच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढा. विरघळायला सहा महिने. मी रिळावर चाळीस नंबर, साठ नंबर वाचत आलेली बाई. शून्यं वाढतात तसा धागा बारीक होतो हे मला तिथंच कळलं आणि का कोण जाणे, जरा धीर आला.

घरी आल्यावर मुलानं मोबाईलवर वाचून दाखवलं. हे ऑपरेशन ज्यांच्या नावानं ओळखलं जातं ते अ‍ॅलन व्हिपल न्यूयॉर्कचे. त्यांनी आपला अनुभव 1935 साली छापला. त्यांच्याही आधी बर्लिनच्या वाल्टर काऊश यांनी 1909 मध्ये असंच ऑपरेशन दोन टप्प्यांत केलं होतं. व्हिपल यांच्या पहिल्या रुग्णाचा जोड उसवला, कारण टाके कॅटगटचे होते. कॅटगट म्हणजे जनावराच्या आतड्याचा धागा, आणि स्वादुपिंडाचं तर कामच मांस पचवायचं. रसानं धागाच पचवून टाकला. पुढच्या वेळी त्यांनी रेशीम वापरलं. मुलगा हे वाचून गप्प झाला, आपण नको ते वाचलं असं वाटून. मला मात्र तो माणूस एकदम ओळखीचा वाटला. कापड बघून धागा बदलला त्यानं.

ऑपरेशन जुलैच्या मध्यात झालं. सकाळी साडेसातला आत नेलं, बाहेर आणलं तेव्हा पावणेतीन. मला आठवतं ते एवढंच की भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी पाठीत सुई घालताना विचारलं, "मावशी, पैठणीच्या ब्लाऊजची शिलाई किती घेता?" माझा आकडा सांगून व्हायच्या आत मी गेले.

शुद्धीवर आले तेव्हा नाकात एक नळी, मानेत एक, पाठीत एक, लघवीची एक, पोटाच्या दोन्ही अंगांना आतलं पाणी बाहेर काढणाऱ्या दोन नळ्या, ड्रेन, आणि डावीकडे आतड्यात थेट अन्न घालायची एक बारीक नळी. सात. मोजायला वेळ भरपूर होता. पाठीतल्या नळीमुळे दुखणं सुसह्य होतं, पण खोकला आला की पोट फाटेल असं वाटायचं. फिजिओच्या मुलीनं एक उशी दिली आणि ती पोटाशी घट्ट धरून खोकायला शिकवलं. आणि ते तीन गोळ्यांचं प्लास्टिकचं खेळणं. श्वास ओढून गोळ्या वर उचलायच्या. पहिल्या दिवशी एकही हलेना. दुसऱ्या दिवशी सकाळी मला धरून खुर्चीत बसवलं आणि संध्याकाळी वॉर्डातल्या मावशींनी कमरेला हात घालून दारापर्यंत चालवलं. सगळ्या पिशव्या सलाईनच्या स्टँडला लटकवलेल्या. "चला नवरीबाई, वरात निघाली," म्हणाल्या. हसल्यावर इतकं दुखलं की डोळ्यांत पाणी आलं.

तिसऱ्या दिवशी सर्जन राऊंडला आले आणि खुर्ची ओढून बसले. डॉक्टर उभे न राहता बसतात तेव्हा आपण सावध व्हावं.

"काकू, ऑपरेशन छान झालं. पण तुमची ग्रंथी मऊ होती आणि नळी बारीक."

ते असं का सांगतायत हे मला कुणी समजावून द्यायची गरज पडली नाही. कडक सुती कापडावर टाका बसला की बसला. जॉर्जेटवर, जुन्या विरलेल्या रेशमावर तुम्ही धागा ओढलात की धाग्याला काही होत नाही, कापडच चिरतं. माणूस गमतीशीर आहे. ज्यांचं स्वादुपिंड दीर्घ आजारानं कडक झालेलं असतं, त्यांचा जोड जास्त चांगला धरतो. माझं निरोगी होतं, लोण्यासारखं, आणि म्हणून तेच धोक्याचं.

त्या दिवशी ड्रेनमधलं पाणी तपासायला गेलं. त्यात अमायलेज किती हे बघतात. ते स्वादुपिंडाचं पाचक द्रव्य, त्यामुळे ते पोटाच्या पोकळीत भरपूर सापडलं याचा अर्थ शिवणीतून रस झिरपतोय. तिसऱ्या दिवशी किंवा नंतर रक्तातल्या कमाल मर्यादेच्या तिपटीपेक्षा जास्त आलं तर गळती धरतात. माझ्या रक्ताच्या रिपोर्टवर मर्यादा शंभरच्या आसपास लिहिलेली होती. ड्रेनमधलं आलं 2,860.

सून रडली. ह्यांनी कागदाची घडी करून खिशात घातली. मी सर्जनना विचारलं, "उसवून परत शिवणार का?"

"नाही. गळती नळीतून बाहेर येतेय तोवर चांगलं आहे. आत साचायला नको. तुमचं शरीर हळूहळू बंद करेल. आपण वाट बघायची."

ही वाट बघणं म्हणजेच माझं खरं आजारपण. ऑपरेशनचा मला काहीच अनुभव नाही, मी झोपले होते. पण नंतरचे चोवीस दिवस मी एका नळीतल्या पाण्याचा रंग बघण्यात घालवले. आधी ते गुलाबीसर होतं, मग फिकट पिवळं, आणि पाचव्या दिवसापासून गढूळ करड्या रंगाचं, धुण्याच्या पाण्यासारखं. पोटात दिवसातून तीनदा ऑक्ट्रिओटाईडचं इंजेक्शन, रस कमी पाझरावा म्हणून. ताप आला की सगळे धावत. एकदा सीटी झाला, आत थोडं साचलेलं होतं, पण ड्रेनचं टोक नेमकं तिथंच असल्यानं दुसरी नळी घालावी लागली नाही.

एक त्रास आला की जोडीला दुसरा आणतो. सहाव्या दिवशी नाकातली नळी काढून मला चमच्यानं पाणी दिलं. सातव्या दिवशी भाताची पेज. आठव्या दिवशी पहाटे मी जी ओकले, ती दोन दिवसांची सगळी पेज, जशीच्या तशी, हिरवट. जठर हलतच नव्हतं. जठर उशिरा जागं होणं हा या ऑपरेशननंतरचा अगदी नेहमीचा प्रकार आहे, आणि आत गळती असली की ते जास्तच रुसतं, असं रेसिडेंट डॉक्टरांनी सांगितलं. नळी परत नाकात. ती परत घालताना घोट गिळा, गिळा म्हणतात, आणि आपल्याला फक्त त्यांच्या हाताला चावावंसं वाटतं. जठराला चालना द्यायला त्यांनी एरिथ्रोमायसिन सुरू केलं, जे मी आजवर घसादुखीचं औषध म्हणून ओळखत होते.

त्या दिवसांत मला जगवलं ते डावीकडच्या आतड्यातल्या नळीनं. रात्रभर पंपावर दुधासारखं पातळ अन्न थेंबथेंब जायचं. जठराला वगळून थेट पुढे. तोंडाला चव नाही, पोटाला भूक नाही, तरी वजनाचा काटा फार खाली गेला नाही. ऑपरेशनच्या वेळी ही नळी सगळेच सर्जन घालतात असं नाही. माझ्या सर्जननी घातली, याबद्दल त्यांना मी दर वेळी नमस्कार करते आणि ते दर वेळी संकोचतात.

बाराव्या दिवशी शेजारच्या खाटेवरच्या बाईंसाठी कुणीतरी डब्यात मेतकूटभात आणला. झाकण उघडल्यावर तुपाचा आणि मेतकुटाचा वास आला आणि माझ्या पोटात गुडगुडलं. मी सिस्टरला हाक मारली. तिला वाटलं काहीतरी बिघडलं. मी म्हटलं, "भूक लागलीय." नाकातल्या नळीतून येणारं हिरवं पाणीही त्या दिवशी निम्म्यावर आलं होतं. दोन दिवसांनी नळी निघाली, ती कायमची.

सतराव्या दिवशी डिस्चार्ज. फाईल सकाळी दहाला पूर्ण झाली आणि कॅशलेसची मंजुरी आली संध्याकाळी साडेपाचला. साडेसात तास मी बाहेरचे कपडे घालून खाटेवर बसून होते, पोटाला एक ड्रेन आणि एक नळी घेऊन. पोटातली गळती त्या मंजुरीपेक्षा वेगानं बरी होत होती.

आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, छत्तीस पायऱ्या. मी दर सहा पायऱ्यांना थांबले. पिशवी हातात धरून ह्यांनी मागून चढायचं ठरलं होतं, आणि प्रत्येक थांब्याला ते "नळी ताणत नाही ना?" एवढंच विचारत होते.

हे पोस्टातून निवृत्त झालेले. त्यांनी दोनशे पानी वही आखली. तारीख, वेळ, ड्रेनचं पाणी किती मिलिलिटर, रंग, ताप, वजन, खाणं. सकाळी सातला ते मापाचा प्लास्टिकचा पेला डोळ्यांसमोर नेमका धरून, एक डोळा मिटून वाचायचे. "पंचेचाळीस." दुसऱ्या दिवशी "अडतीस." एकदा मध्येच "साठ" आलं आणि दिवसभर घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. रंगाच्या रकान्यात सुरुवातीला "करडा" लिहिलेलं. मग "करडा, किंचित पिवळा". मी त्यांना शेड कार्ड दिलं, धाग्यांचं. त्यावर क्रमांक असतात. त्यानंतर रकान्यात क्रमांक लिहिले गेले. सर्जननी ती वही तपासणीच्या वेळी आपल्या ज्युनियरना दाखवली.

भेटायला येणाऱ्यांना एकच प्रश्न. "काय काढलं?" मग मोजून सांगायचं, स्वादुपिंडाचं डोकं, ड्युओडेनम, पित्ताशय. ऐकून लोक "अरे बापरे" म्हणत. काय जोडलं, हे मात्र एकानंही विचारलं नाही. आणि लोक येताना सर्दी-खोकला घेऊन येत. शेवटी सुनेनं दारावर पाटी लावली: "रुग्णास भेटण्यापूर्वी आपली सर्दी घरी ठेवून यावे. पेढे चालणार नाहीत. सल्ले तर अजिबातच नाहीत." पेठेतले लोक, ते पाटी वाचून, तिचा फोटो काढून, परत गेले.

ड्रेन सव्विसाव्या दिवशी निघाला. एकदम उपटत नाहीत. आधी दोन बोटं मागे ओढला, चार दिवसांनी आणखी, म्हणजे मागची वाट आतून भरत येते. तीन आठवड्यांच्या वर नळी ठेवावी लागली म्हणून माझ्या फाईलवर गळतीची "बी" ग्रेड लिहिली आहे. सी म्हणजे पुन्हा ऑपरेशन किंवा त्याहून वाईट. आतड्यातली नळी त्यानंतर आठवड्यानं काढली. दोन भोकांवर दोन पट्ट्या, बस. आंघोळीला मी एवढा वेळ लावला की सासूबाईंनी दार वाजवलं.

गणपतीत ढोल वाजायला लागले तेव्हा मी चालती-फिरती होते आणि तरी वाळत होते. एकसष्ट किलोची मी, त्रेपन्नवर आले होते. खात होते. दिवसातून सहा वेळा थोडं थोडं, मुगाचं वरण, मऊ भात, पनीर, नाचणीची पेज, उकडलेलं अंडं. पण ते लागत नव्हतं. आणि दुसरी एक गोष्ट होती, जी मी तीन आठवडे कुणालाच सांगितली नाही. शौच पिवळं, तेलकट, तरंगणारं. पाण्यावर तवंग. दोनदा पाणी टाकलं तरी जायचं नाही, आणि वास असा की घरात एकच संडास असल्यानं मी सगळे झोपल्यावर जायला लागले. मला वाटलं, एवढी औषधं चाललीत, उष्णता असेल.

तपासणीत आहारतज्ज्ञ मुलीनं, सुनेपेक्षाही लहान असेल, सरळ विचारलं, "काकू, शौच तरंगतं का?" मी ह्यांच्याकडे बघितलं. हे खिडकीबाहेर बघायला लागले. मग सगळं सांगून टाकलं. तिनं पुढचा प्रश्न विचारला, "कॅप्सूल कधी घेता?"

स्वादुपिंड अर्धं गेलं की पाचक रस कमी पडतो, म्हणून एन्झाईमच्या कॅप्सूल असतात. मला त्या पहिल्यापासून दिल्या होत्या. पाकिटावर दुकानदारानं पेननं लिहिलं होतं, "जेवणापूर्वी". मी शिस्तीत अर्धा तास आधी घेत होते, उपाशीपोटी. आणि अन्न येईपर्यंत त्या पुढे निघून जात होत्या. एवढ्या महागाच्या गोळ्या, सोन्याच्या भावाच्या, रिकाम्या आतड्यात.

घ्यायच्या त्या पहिल्या घासाबरोबर, आणि जेवण लांबणार असेल तर उरलेली मध्यात. जेवणाला पंचवीस हजार युनिटच्या दोन, मधल्या खाण्याला एक, असं माझं ठरवून दिलं. प्रत्येकाचं माप वेगळं, आणि जेवढं तूप-तेल जास्त तेवढं ते वाढतं. चावायच्या नाहीत. गरम चहाबरोबर नाहीत. नुसत्या चहाबरोबर नकोतच, पण चहाबरोबर खारी असेल तर हवी. आम्लपित्ताची गोळी रोज, बहुधा कायमची, कारण जठराच्या नव्या जोडापाशी व्रण होऊ शकतो आणि आम्ल कमी झालं की कॅप्सूललाही काम करायला बरं पडतं. चार दिवसांत तवंग गेला. दोन आठवड्यांत वजन दीड किलो वर. मी तीन आठवडे लाजले नसते तर हे आधीच झालं असतं.

त्यातच ह्यांनी भिंग घेऊन पाकिटावरचं सगळं वाचलं. पॅन्क्रिआटिन. मुलाला विचारलं, कशातून काढतात? मुलगा चुळबुळ करायला लागला. डुकराच्या स्वादुपिंडातून. आमच्या घरात सासूबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या, एकादशा, चातुर्मास, सगळं पाळणाऱ्या. त्यांच्यापासून लपवायचं असं आम्ही ठरवलं, म्हणजे त्यांना तासाभरात कळलं. कार्तिकी एकादशीला त्यांनी स्वतः साबुदाण्याची खिचडी केली, दाण्याचं कूट सढळ हातानं घालून, आणि ताटली माझ्यासमोर ठेवून विचारलं, "याला किती लागतील?"

"दोन," मी म्हटलं.

"घे मग. एकादशीची खिचडी पचवली म्हणून त्या डुकरालाच पुण्य लागेल."

केमोबद्दल मी इथं लिहीत नाही. काढलेल्या लिम्फच्या गाठींपैकी एकीत कॅन्सरच्या पेशी होत्या, म्हणून सहा महिने झाली, आणि तो निराळाच प्रवास आहे. साखर वाढली आहे. इन्सुलिन करणारा तुकडाही कमी झाला, त्यामुळे हा मधुमेह नेहमीपेक्षा वेगळा, असं सांगतात. एकदम खाली जाते, म्हणून पर्समध्ये ग्लुकोज असतं. ड जीवनसत्त्व, बी-12, लोह, यांच्या तपासण्या ठरावीक काळानं. एकदा हुडहुडी भरून ताप आला, तेव्हा थेट हॉस्पिटल गाठलं. पित्ताची नळी आता उघडी आतड्याला जोडलेली, त्यामुळे जंतू वर चढू शकतात. थंडी वाजून ताप आला तर घरी क्रोसिन घेऊन पडायचं नाही, हे त्यांनी मला चार वेळा बजावलं होतं.

जानेवारीत मशीन परत उघडलं. पुढे वाकलं की टाक्यांची जागा ओढते, म्हणून स्टूल दोन इंच उंच केलं. पहिल्यांदा शिवला तो सुनेचाच ब्लाऊज, आणि त्याची एक बाही मी उलटी लावली. उसवायला घेतली तर सून म्हणाली, राहू द्या की, आणि मी एवढ्या जोरात "उसवल्याशिवाय कसं चालेल" म्हटलं की दोघी हसलो.

त्याच सुमाराला ओपीडीत मी सर्जनना विचारलं, "तो पाच-शून्यचा धागा विरघळला असेल ना आता?"

त्यांनी कॅलेंडर बघितलं. "होत आला असेल."

"मग आता कशावर धरलंय?"

ते म्हणाले, "काकू, पुढचा पेशंट थांबलाय."

गेल्या महिन्यात कर्वे रस्त्यावरच्या एका कार्यालयात भाचीचं लग्न होतं. नवरीचा ब्लाऊज माझा. मी कॅप्सूल जुन्या प्रेस-बटणांच्या डबीत ठेवते. गोल, पत्र्याची, लहानशी. पंगतीत पान वाढून झाल्यावर मिठाशेजारी दोन कॅप्सूल काढून ठेवल्या. शेजारच्या मावशींनी विचारलं, "शुगरची का हो?" मी हो म्हटलं, लांबण कोण लावणार. मसालेभात, बटाट्याची भाजी, अळूचं फतफतं, भजी. अर्ध्यावर दुसरी कॅप्सूल घेतली. मग जिलबीचं ताट घेऊन वाढपी मुलगा आला. मागे एकदा वाटीभर बासुंदीनंतर पाऊण तासात अशी धडधड आणि घाम सुटला होता की ह्यांनी रिक्षा बोलावली होती. गोड भराभर खाली उतरतं, जठराची झडप राहिलेली नाही.

"वाढू का, मावशी? गरम आहे."

मी डबी कानाशी नेऊन हलवून बघितली. एक होती.

"अर्धी वाढ," म्हटलं.